तीन बाटल्या

४ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी आज स्वतः सांगितलं. माझा रक्तगट तुझ्याशी जुळतो, पण माझ्या यकृतात चरबी आहे, जवळजवळ तिसरा हिस्सा. ती बरीच उतरल्याशिवाय त्याचा तुकडा तुला देता येणार नाही. दारूचा थेंब नाही तरी हे कसं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि कामधंदा विचारला. केक करतो म्हटल्यावर पुढे काही विचारलंच नाही.

रोज भरभर चालायचं आणि साखर, मैदा, लोणी बंद. दीड-दोन महिन्यांत फरक पडेल म्हणाल्या. ताईकडे तेवढा वेळ आहे का, हे विचारायला जीभ रेटली नाही. मालकांनी क्रीम चाखायचं काम दुसऱ्या कारागिराकडे दिलंय. तो चमचा चाटतो तेव्हा मी भट्टीकडे तोंड करून उभा राहतो.

आईने यकृत साफ करणाऱ्या कॅप्सूल आणल्यात. तिच्या शेजारणीला म्हणे गुण आला. भाऊजींनीही एक बाटली पाठवलीय. आईला कळू देऊ नकोस, जावयाने मध्ये पडलेलं तिला रुचत नाही, असं त्यांनी बजावलं. दोन्ही घेतोय. चालून चरबी मुंगीच्या पावलाने उतरते आणि मला घाई आहे.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा
गोटू


११ मार्च

चि. गोटूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतोस आणि नर्स मलाच रागावते, म्हणून पत्रच बरं.

काल पुन्हा पोटातलं पाणी काढलं. अंगाला खाज इतकी की रात्री हातमोजे घालून ठेवतात. आरशात बघणं सोडलंय. डोळे हळदीसारखे झालेत. परवा तुझ्या भाऊजींचं नाव आठवेना. नुसती बघत राहिले. त्यांनी हसण्यावारी नेलं, मग पाणी आणतो म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

मोठ्या बहिणीने खरं तर म्हणायला हवं, की तू स्वतःला जप, माझं काय व्हायचं ते होवो. म्हणवत नाही रे. मला जगायचंय. म्हणून मीही एक बाटली पाठवतेय. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सुनेने आणून दिली. वर ‘यकृताचं कवच’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. आईला आणि ह्यांना बोलू नकोस, दोघं माझ्यावरच तुटून पडतील. डॉक्टरीणबाईंनाही सांगू नकोस, त्या सगळंच बंद करतील. जन्मभर फुकटचं लोणी चाखलंस, आता थोडं कडू गीळ.

आईला सांभाळ. माझे आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझी
ताई


२ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

आजचा रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासून घेतला, मग मला बसायला सांगितलं. चरबी उतरलीय, त्यांना वाटली होती त्याहून जास्त. पण यकृताला सूज आलीय. रक्तातले आकडे पाचपट चढलेत. अशा यकृताला त्या सुरी लावणार नाहीत.

काय काय घेतोस, असं खोदून विचारल्यावर मी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यांनी तिन्ही बाटल्यांच्या मागचा बारीक मजकूर वाचला. नावं वेगळी, झाकणांचे रंग वेगळे, पण आत मुख्य माल एकच निघाला: हिरव्या चहाचा अर्क. साधा चहा प्यायला तर काही होत नाही म्हणाल्या, पण असा अर्क कुणाकुणाच्या यकृताला बाधतो, आणि मी तर तिप्पट घेत होतो. चरबी उतरली ती चालण्याने, साखर सोडल्याने.

तीन-तीन कशाला, असं त्यांनी विचारलं. एक आईने दिली, एक भाऊजींनी, एक ताईने, कुणाचं मन मोडवेना, असं मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोडं सुजलेलं चालणार नाही का, असंही मी विचारलं, ताई. हात जोडले. एकाला वाचवायला दोघांना मारू का, म्हणाल्या.

मला पदरात घे. आणखी काय लिहू?

तुझा
गोटू


७ एप्रिल

चि. गोटूस अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो म्हणून मी सांगतेय आणि तुझे भाऊजी लिहितायत. आईची बाटली आणि माझी बाटली त्यांना आत्ता, हे लिहिताना कळली. पेन मघापासून थांबलं होतं. लिहा म्हटलं, रडायचं ते नंतर.

तुला बोल लावायला मला तोंड नाही. आम्ही तिघांनी एकमेकांना कळू दिलं नाही आणि सगळं तुझ्या पोटात गेलं. आईलाही मीच फोन करून सांगितलं. ती आधी शेजारणीला बोलली, मग मला, मग फोनच ठेवला. तिला एकटीला सोडू नकोस.

इथले डॉक्टर खोटी आशा दाखवत नाहीत. मृत दात्यांच्या यादीत माझा नंबर बराच खाली आहे, आणि घरात दुसऱ्या कुणाचं जुळत नाही. गोळ्या थांबल्यावर सूज बऱ्याचदा आपोआप उतरते, पण किती दिवसांत, ते कुणी सांगत नाही. मी तोवर टिकेन का, हेही नाही.

आता कुणी काही दिलं, अगदी मी पाया पडून दिलं, तरी तोंडात घालू नकोस. फक्त चालत राहा. वीस तारखेला सकाळी तुझं रक्त घेतील आणि संध्याकाळी इथे फोन येईल. आकडे उतरले असतील तर त्याच आठवड्यात आपल्या दोघांना आत नेतील. नसतील, तर मला घरी न्यायची तयारी ठेवा, असं ह्यांना सांगितलंय.

वीस तारखेनंतरही असाच लोभ असू दे.

तुझी
ताई