उसवलेली पाकळी

दापोडी,
रविवार

प्रिय धम्मा,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. पुढं वाचशील तेव्हा तुला वाटेल की आईनं तो शब्द खोडायला हवा होता. खोडणार नाही. पण त्यावर जास्त भरवसाही ठेवू नकोस. फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते, आणि व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहिल्या तर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला. सोपानराव तुमच्या कंपनीची बस चालवतात, उद्या फर्स्ट शिफ्टला निघताना त्यांच्या हातात देईन. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाहेर जाऊन एकटा वाच.

परवा तू मला विचारलंस, एवढ्याशा फुलासाठी कोणी घर सोडून जातं का? तुझी बायको, निगोरा, माझ्या शेजारी भाजी निवडत बसली होती, फोन स्पीकरवर होता. तिनं ऐकलं. मेथीची जुडी तशीच ठेवून ती गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालत राहिली. मी तेव्हा तुला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर गल्ली गोळा झाली असती. आता बोलते.

तुझे बाबा चौतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, माल तपासायला, ते तुझ्याही रक्तात उतरलंय. ते ताटात भाकरी आली की आधी कडेनं बघायचे, जाडी सगळीकडे सारखी आहे का. तू पाचवीत असताना माझ्या बालवाडीतल्या पोरांनी काढलेल्या चित्रांत लाल पेनानं चुका काढल्या होत्यास. सूर्याला डोळे नसतात म्हणे! मी हसले होते तेव्हा. पोरगा बापावर गेला, म्हणून कौतुकानं सांगत फिरले होते. आता त्या कौतुकाचंच हसू येतं मला.

कंपनीनं तुला उझबेकिस्तानला धाडलं, तिथल्या ऑफिसातली दुभाषी मुलगी तू पसंत केलीस, कोर्टात सह्या केल्यास आणि मग मला कळवलंस. चिमाबाई आत्या म्हणाली, आता घरात रशियन बोलायचं का? मी म्हटलं, येऊ दे तर खरं. आणि ती आली, आणि आठवड्याभरात माझ्या ओट्यापाशी उभी राहून कागद म्हणाली, दुकान म्हणाली, रुमाल, पडदा, हवा म्हणाली. सगळे तिच्याकडचेही शब्द. शेजारची सरूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. म्हणाली, "आगं कस्तुरा, ही तर आपल्यावानीच बोलती की! उगंच भ्याले व्हते मी." त्या दिवसापासून सरूबाई तिला ठेचा वाटून देते आणि निगोरा नाकाडोळ्यांतून पाणी काढत तो खाते. ही माणसं जोडायला तिला तुझी गरज पडली नाही, हे लक्षात ठेव.

आणि ती आली तेव्हा तिच्या बॅगेत ती सुझानी होती, त्यांच्याकडचं भरतकामाचं मोठं कापड. मोशीच्या फ्लॅटमध्ये तू सोफ्याच्या वर भिंतीवर लावलीस. मी जन्मात असलं भरतकाम बघितलं नव्हतं. पांढऱ्या सुती कापडावर रेशमाची लाल फुलं, निळसर पानं, मधोमध चांदणी. निगोरानं मला सगळं समजावलं होतं. तिच्या नुराता गावात मुलगी झाली की घरात हे काम सुरू होतं. हातमागाचे अरुंद पट्टे एकमेकांना कच्चे जोडायचे, चित्र काढणारी एक बाई येऊन त्यावर सबंध नक्षी काढून देते, मग पट्टे सोडवून आई, मावशी, काकू, शेजारीण, सगळ्यांत वाटायचे. जिची तिची सुई, जिचा तिचा हात. लग्नाआधी पट्टे पुन्हा जोडायचे. म्हणून जोडावर फूल थोडं सरकतं, अर्ध्या फुलाचा लाल आणि उरलेल्या अर्ध्याचा लाल वेगळा असतो. मला तर तेच आवडलं होतं. हे अर्धं मावशीचं, हे आईचं, असं ती बोट ठेवून सांगायची.

आणि तू काय म्हणालास? मिसमॅच आहे. आमच्या लाइनवर असता तर पूर्ण लॉट रिजेक्ट! तीही हसली, मीही हसले. मग तुझी नजर खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथं एक फूल नुसतंच पेन्सिलीनं काढलेलं होतं, भरलेलं नव्हतं. तू म्हणालास, हा ओपन पॉइंट कोणाच्या नावावर आहे? निगोरानं सांगितलं, मी शेजारीच होते. त्यांच्याकडे थोडं काम मुद्दाम सोडतात. सगळं पूर्ण केलं तर पुढं काय, असं म्हणतात. आणि तिच्या आईनं ते फूल सोडताना सांगितलं होतं, हे तुझं. तुझ्या घरात बाळ येणार असेल तेव्हा भरायला घे. तिची आई त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेली, हे तुला माझ्यापेक्षा आधी ठाऊक आहे. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं धम्मा. माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस.

दिवस राहिले तेव्हा तिनं भिंतीवरून सुझानी उतरवली. मी मोशीला यायचे तेव्हा खिडकीशी बसून ती भरत असायची. तिच्या आईनं दिलेल्या लाल रेशमाच्या लडीतला दोरा होता. हात बसलेला नव्हता, टाका वाकडा जायचा, उसवायची, पुन्हा घालायची. एक पाकळी झाली. कुठं घट्ट, कुठं सैल, एका बाजूला जरा फुगलेली. मला म्हणाली, "आई, बघा, ही जाडी झाली. बाळ पण जाडं होणार." त्या एका पाकळीला तिला सगळा पावसाळा लागला. पोटावर कापड पसरून बसायची आणि सुई टोचू नये म्हणून कापडाखाली हात धरायची. हे सगळं तू येता-जाता बघितलं आहेस. बघितलंस की नुसतं दारातलं पार्सल उचलून आत गेलास?

मग सातव्या महिन्यात जे झालं ते झालं. त्यात तुझा दोष नाही, कोणाचाच नाही, तसं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. दोष तिथून पुढचा आहे. नर्सनं विचारलं, आईला बाळ दाखवायचं का? तू नको म्हणालास. निगोरा शुद्धीवर होती, तिला विचारायचं होतं ना! मी तुझ्याकडे बघत राहिले. तू माझी नजर चुकवून फॉर्मवर सही करायला गेलास. तिला मी दापोडीला घेऊन आले, विश्रांतीसाठी. तेवढ्यात तू पाळणा दुकानदाराला परत केलास, लहान कपड्यांची पिशवी आश्रमाला दिलीस, भिंतीवरचं ते चंद्राचं स्टिकर खरवडून रंग मारलास, आणि चौथ्या दिवशी शिफ्टला गेलास. लोक म्हणाले, पोरानं किती खंबीरपणे सगळं निस्तरलं. निस्तरलं! माझ्या कानात तो शब्द अजून खुपतो. सांडलेलं दूध निस्तरतात, बाबा. लेकरू निस्तरत नाहीत.

तरी मी गप्प बसले. म्हटलं, ज्याची त्याची रीत असते. एखादा रडतो, एखादा रंग मारतो.

पण मग तू ते सरप्राइज दिलंस. ती घरी परतली त्या दिवशी तू दारातच मोबाइल धरून उभा होतास, तिचा चेहरा टिपायला. मीही होते तिच्या मागं, हातात डबा घेऊन. भिंतीवर सुझानी पुन्हा लागली होती, आणि कोपऱ्यातलं फूल पूर्ण भरलेलं होतं. पाच पाकळ्या, पाचही सारख्या, चकचकीत, एका मापाच्या. तू म्हणालास, आता रिकामं दिसणार नाही, तुला त्रास होणार नाही. आणि मोबाइल धरूनच होतास. ती जवळ गेली. फुलावरून बोट फिरवलं. मग मागची बाजू उलटून बघितली, तिथं मशीनवर भरताना मागं लावतात तो कागद अजून चिकटलेला होता. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "आई, त्यानं माझं काढलं." मला कळायला एक क्षण लागला. तुला तर तेव्हाही कळलं नाही. तू म्हणत होतास, कलर शंभर टक्के मॅच करून घेतलाय. त्याच पावली ती माझ्याबरोबर दापोडीला परत आली.

दुसऱ्या दिवशी मी पिंपरी कॅम्पात त्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याला शोधत गेले. तीन दुकानं हिंडले, गुडघे भरून आले. माणूस चांगला निघाला, त्याच्यावर राग नाही. म्हणाला, "मावशी, आमी साहेबांना इचारलं व्हतं. म्हटलं, एक पाकळी हातानं भरलीय, तिच्यावरनं मशीन नीट चालायची न्हाई, उसवावी लागंल. साहेब म्हटले, उसवा." मी विचारलं, तो उसवलेला दोरा कुठं आहे? त्यानं खाली बघितलं. त्याच्या पायापाशी चिंध्यांचं पोतं होतं, नुकतंच रिकामं केलेलं. तरी बिचाऱ्यानं माझ्यासमोर सगळं दुकान झाडून काढलं, मशीनखाली हात घालून बघितलं. हिरवे तुकडे निघाले, शाळेच्या बॅजचे सोनेरी निघाले. तो लाल नाही निघाला.

उसवा. किती सोपं रे! तुझ्या त्या लेकरानं या जगात येऊन काय ठेवलं होतं? ना फोटो, ना टोपडं, ना पाळणा, कारण सगळं तू उचलून दिलंस. एक वाकडी पाकळी राहिली होती. तीही तुला रीवर्कला टाकावीशी वाटली. आणि वर विचारतोस, एवढ्याशा फुलासाठी?

तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे, आणि राग त्याचाच जास्त येतो. वाईट माणसाशी भांडून मोकळं होता येतं. तू हे तिला बरं वाटावं म्हणून केलंस असं तू म्हणतोस, आणि तुझा तसा समजही असेल. पण खरं सांगू? तिला त्रास होऊ नये म्हणून नव्हे, तुझ्याच्यानं ते बघवत नव्हतं म्हणून. रोज घरात वावरायचं आणि त्या कापडावर ती एकटी पाकळी, हे तुला झेपत नव्हतं. मग तसं सांगायचं होतंस. तिच्याशेजारी बसून म्हणायचं होतंस की मला बघवत नाही. ती तुला सोडून उठून गेली नसती. तुझ्याशेजारी बसून रडली असती.

हे मला कसं कळतं, असं तू विचारशील. आता सांगते, आणि कशासाठी एवढा कागद भरला तेही सांगते. तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती. पाच दिवस होती. तुला हे कोणी सांगितलेलं नाही, मीही नाही. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा घर लख्ख होतं. माझ्या आईनं तिच्यासाठी शिवलेलं दुपटं तुझ्या बाबांनी रेल्वेलाइनच्या पलीकडं कोणाला तरी देऊन टाकलं होतं, मला त्रास होऊ नये म्हणून. देवमाणूस होता, सगळी दापोडी सांगेल. त्या माणसानं त्यानंतर मरेपर्यंत तिचा विषय काढला नाही, आणि मी काढला की ते कामाला उठून जायचे. धम्मा, मी तिला एक नाव ठेवलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि न विचारताच गेले. ते नाव माझ्याबरोबर जाईल. निगोरा येत्या शुक्रवारी ताश्कंदला निघतेय. तिकीट सरूबाईच्या अंजलीनं काढून दिलं, मीच तिला काढ म्हटलं. परतीचं काढलेलं नाही. तू तिला अडवायला येऊ नकोस, माफी मागायला फुलं घेऊन तर मुळीच येऊ नकोस. ती जाईल की राहील हे तिचं ती बघेल. पण पोटात असताना ती बाळाला एका नावानं हाक मारायची, कापडाखाली हात धरून, हळूच. तुला ते नाव माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी सांगणार नाही. गुरुवारी रजा टाक आणि ये. तिच्यापाशी खाली बस, तिला विचार, आणि ती सांगत असेल तेव्हा मध्ये एक शब्दही बोलू नकोस.

तुझीच,
आई