चौथं गाव

स्टाइनवोग, २२ ऑक्टोबर १९९९

ती. वन्संना इंगविल्डचा शि. सा. न. वि. वि.

लोकरी मोजे पोचले. स्वेरेनं लगेच घातले. ताईचा हात तुला कधी जमायचा नाही, असं वर ऐकवलंन.

बातमी मात्र वाईट आहे. निवडणुकीत सत्ता पालटली. काल नवे नगराध्यक्ष माझ्या खोलीत आले. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही म्हणाले, पण शाळा बंद करायच्या प्रस्तावावर तुमची सही आहे, लोक ती विसरणार नाहीत, तेव्हा मुख्याधिकारी नवा हवा. ठराव जुन्या सदस्यांनी केला होता, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कॉफी संपवली.

तिसऱ्यांदा हे होतंय, वन्सं. ब्रेइडालला जागा मिळतेय, पण स्वेरे तिकडे यायचं नावच काढत नाही. तुमचं ऐकतो तो. समजवाल?

तुमच्या मायेच्या भरवशावर,
इंगविल्ड

हेलनेस, २ नोव्हेंबर

चि. सौ. इंगविल्ड हिस अनेक आशीर्वाद.

त्या नगराध्यक्षाला एकदा माझ्या स्वयंपाकघरात आणून बसव, सरळ करते!

स्वेरे रविवारी आला होता. मी चांगलं फैलावर घेतलं; बायको अडचणीत आणि तू हटून बसतोस, म्हटलं. पुढ्यातला मासा निवत राहिला. मग म्हणाला, ताई, तीन गावांत सफरचंदाची झाडं लावली, एकाचंही फळ खाल्लं नाही. इथे पहिल्यांदाच लोक मला मुख्याधिकारीणबाईंचा नवरा म्हणत नाहीत, स्वेरे म्हणतात. तिच्यावर राग नाही, पण आता माझ्यानं होत नाही.

एवढा मोठा माणूस, रडत होता गं. माफ कर पोरी, त्याला तुझ्याबरोबर जा म्हणायला माझं तोंड झालं नाही.

तुझीच,
रागनफ्रिड

ब्रेइडाल, १२ जानेवारी २०००

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्यावर राग कसला? तुम्ही खरं लिहिलंत.

खोकी स्वेरेनंच गाडीत चढवली. धक्क्यावर म्हणाला, पुढची निवडणूक झाली की परत ये. मी म्हटलं, तेव्हा मी पाचव्या गावात असेन. दोघंही हसलो. मग त्यानं माझ्या कोटाची वरची गुंडी लावली, लहान मुलीची लावावी तशी. बोट दूर जाईपर्यंत तिथेच उभा होता.

इथले लोक बरे आहेत. बटाटे मात्र अजून दोघांचे उकडते.

वकिलाचे कागद झाले की मी तुमची भावजय उरणार नाही. तरी वन्संच म्हणत राहीन. चालेल ना?

नाही म्हणू नका.
इंगविल्ड