बाणेरचं किचन आणि माझे एकशे ऐंशी दिवस

३ सप्टेंबर २०२४, हीथ्रो, सकाळी ९.१०
गणपतीसाठी पुण्याला. बाणेरच्या नव्या फ्लॅटचं किचनही मार्गी लावणार. तीन आठवडे, बास. वरदाला हॉस्पिटलच्या नोकरीत रजा मिळाली नाही आणि तनिषाची शाळा आहे, म्हणून दोघी मिल्टन कीन्सलाच. वरदा दारात म्हणाली, पुढच्या ऑगस्टला आपली इथली पाच वर्षं भरतात, आयएलआरचा अर्ज करायचाय, कायमचं राहायचंय ना? मग दिवस सांभाळ. हे मला सांगते! इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिसाचे प्रश्न कोण सोडवतं? वर्षात १८० दिवस बाहेर राहता येतं. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. संपला विषय.

२४ सप्टेंबर, पुणे
तिकीट पुढे ढकललं. कमलाकर मिस्त्री म्हणतात, किचनची शटर मंगळवारी बसतील. नजर हटली की वाट लावतील. ऑफिस इथूनच, यूकेच्या वेळेने: दुपारी दीडला लॉगइन. चहा, जेवण सगळं त्याच हिशोबात. आई वैतागली आहे. पण तसं बघितलं तर मी यूकेतच आहे.

१५ ऑक्टोबर
मंगळवार. मिस्त्री आले नाहीत. म्हणे मंगळवार सांगितला होता, हाच असं नव्हतं सांगितलं.

२ नोव्हेंबर, पाडवा
वरदाला व्हिडिओवरच ओवाळायला लावणार होतो, पण ती ऑन-कॉल होती. तनिषाने विचारलं, बाबा, तुझा सुट्टी अजून आहे? म्हटलं, सुट्टी नाही, काम आहे. तिने विचारलं, कुणाच्या घरात? आपल्याच, म्हटलं. मराठी सुधारायला हवं तिचं. परत गेल्यावर रोज अर्धा तास घेणार.

२० डिसेंबर, मिल्टन कीन्स
परत. येताना पहिल्याच राउंडअबाउटला चुकीच्या लेनमध्ये शिरलो. वरदा म्हणाली, मी चालवते. जाण्या-येण्याचे दिवस नियमाने धरत नाहीत (हे ग्रुपवर फक्त मला माहीत आहे), ते वजा जाता १०७. म्हणजे ७३ दिवस चक्क वाया गेले. हळहळ वाटली.

५ जानेवारी २०२५, हीथ्रो
ओट्याचा ग्रॅनाइट तडकला. मिस्त्री फोनवर म्हणाले, साहेब, तुमच्याशिवाय होणार नाही. नवं वर्ष, नवे १८०! दोन आठवड्यांत परत. तनिषाचा अभ्यास तेव्हापासून. वरदा म्हणाली, सॉलिसिटरला एकदा विचार. कशाला? ग्रुपवर नॉटिंगहॅमच्या स्वानंदने हाच प्रश्न विचारला होता, त्याला मीच उत्तर दिलं. त्याने अंगठासुद्धा दिला.

१० फेब्रुवारी, पुणे
वास्तुशांत उरकली. वरदाला रजा नाहीच. गुरुजी म्हणाले, काही अडत नाही, पत्नी नसेल तर कमरेला सुपारी लावून बसता येतं. बसलो. फोटो वरदाला पाठवला. तिने विचारलं, सुपारीला साडी कोणती नेसवलीस? विनोदबुद्धी शाबूत आहे. बरं वाटलं.
ओट्याचा नवा ग्रॅनाइट मंगळवारी येतोय.

१० एप्रिल, मिल्टन कीन्स
किचन पूर्ण! चिमणी उलटी बसली आहे, पण तिथे स्वयंपाक करणार तरी कोण? या वर्षीचे दिवस ९४. गेल्या वर्षीचे १०७. दोन्ही वर्षं डिस्टिंक्शनमध्ये पास.

२१ जुलै
अर्जाआधी सॉलिसिटर, निव्वळ वरदाच्या हट्टापायी. आश्लेषा, लीड्सला जन्मलेली मुलगी, झूमवर. म्हणाली, काका, कॅलेंडर इयर नाही, कुठलेही बारा महिने घ्यायचे, सलग. तुमचा टोटल टू हंड्रेड अँड वन झाला. काका! मी एकोणचाळीसचा आहे.
तिला शांतपणे समजावलं की मी पूर्ण वेळ यूकेच्या वेळेने यूकेचं काम केलं, यूकेच्या लॅपटॉपवर. तिने विचारलं, लॅपटॉप कुठे होता? मग विचारलं, काही सीरियस रीझन? कोणी आजारी वगैरे? मी कमलाकर मिस्त्रींबद्दल सविस्तर सांगितलं. ती लिहून घेत होती. मग लिहायची थांबली.
वरदाचे पाच वर्षांत मिळून ३१ दिवस. तिने एकटीने अर्ज करावा, आश्लेषा म्हणाली. मिळतो का बघू.

२९ ऑगस्ट
वरदाला मिळाला. तनिषाने केक केला. ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस. स्वानंदलाही मिळाला, म्हणे त्याने माझं उत्तर वाचून लगेच दुसऱ्या कुणाला तरी विचारलं होतं.
कंपनीचं ईमेल: रीस्ट्रक्चरिंग. माझी स्पॉन्सरशिप पुढे वाढवणार नाहीत. व्हिसा २० सप्टेंबरपर्यंत. घाबरायचं कारण नाही. वरदाचा नवरा म्हणून अर्ज करता येतो, आश्लेषा म्हणाली. पाच वर्षं पुन्हा शून्यापासून, एवढंच. माझी स्पॉन्सर वरदा! थोडं ऑड आहे, पण घरातल्या घरात.

६ सप्टेंबर, सकाळी १०.३०
कागदपत्रं तयार. लग्नाचं सर्टिफिकेट, दोघांच्या नावाची बिलं. उरलं वरदाचं पत्र: आमचं नातं खरं आहे, आम्ही नवरा-बायको म्हणून एकत्र राहतो, आणि पुढेही राहायचं आहे. चार ओळी. मसुदा मीच करून दिला. तिने फक्त सही करायची.

१०.५०
तिने मसुदा बाजूला ठेवला. म्हणाली, सरकारला लिहून द्यायचंय, खरं तेच लिहीन. तिच्या ड्युट्यांचा जुना रोटा आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन डायनिंग टेबलाशी बसली आहे. मी विचारलं, मदत करू? नको म्हणाली. मला पहिल्यांदाच भीती वाटली. म्हटलं, अगं, सगळ्यांना माहीत आहे आपण एकत्र राहतो. ती मान वर न करता म्हणाली, थांब, मोजतेय.

११.४०
अजून मोजतेय.