बिनअटीचं घर

मी, रत्नप्रभा दत्ताराम घाडीगावकर, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार वझिरा नाका, बोरिवली पश्चिम, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते आज राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी स्थिर आहे. हे वाक्य माझ्या बाबतीत कोणी नुसतं मान्य करणार नाही, म्हणून माझ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. रेवती सामंत यांचा आजच्या तारखेचा दाखला सोबत जोडला आहे. मला बायपोलर आजार आहे. त्यावर मी रोज गोळ्या घेते. आजारी असणं आणि बुद्धी जाग्यावर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझा भाऊ निलेश याने विशेष ध्यानात घ्यावं.

१. माझी मोटरची शिलाई मशीन, ओव्हरलॉक मशीन आणि सर्व कात्र्या माझी शिवणकामातली जोडीदारीण मृणालिनी हिला द्याव्यात. मढच्या बंगल्यांत मालिकांची शूटिंगं चालतात, तिथे आम्ही दोघींनी बरीच वर्षं नऊवाऱ्या आणि ब्लाउज शिवले. आजार पहिल्यांदा अंगावर आला तो तिथेच. गोळ्या सुरू झाल्या, डोकं शांत झालं, पण हात थरथरायला लागले. सुईत दोरा ओवता येईना. ज्या हातांवर पोट, तेच हात परके झाले. मृणालिनीने हे पाहिलं. सकाळी मी यायच्या आधी ती टाचणगादीवर दोरा ओवलेल्या सुयांची रांग लावून ठेवायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "काय गं, माझ्या सुया आहेत, तू वापर ना."

२. माझ्या आईची मोहनमाळ मालनवहिनीला, म्हणजे निलेशच्या बायकोला द्यावी. याचं कारण सर्वांना माहीत आहे, तरी लिहिते. या थरथरत्या हातांपायी मी गोळ्या बंद केल्या. कोणाला सांगितलं नाही. थरथर गेली, सुई पुन्हा सरळ चालू लागली, आणि मला वाटलं, बघा, मी बरी झाले. मग झोप गेली. डोक्यात एकापाठोपाठ एक बेत. बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलींना दिवाळीला परकर-पोलकी शिवायची, असं मी ठरवलं आणि कापड कमी पडलं तेव्हा वहिनीचा लग्नातला शालू कापला. तो तिने माझ्याकडे फॉल बदलायला दिला होता. पोलकी मात्र झकास झाली होती, हे आजही सांगते.

वहिनीने बिल्डिंगच्या फाटकात उभं राहून सगळ्यांसमोर सुनावलं, "वेड्या बाईच्या हातात कात्री कोणी दिली?" ते शब्द मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण त्यानंतर मला दवाखान्यात ठेवलं, मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, तेव्हा रोज दुपारी पेज घेऊन हीच बाई यायची. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "पेज पी आदी, मगे भांड माझ्यावांगडा." ती माझ्याशी भांडायला थांबायची आणि मी पेज प्यायचे. माळ त्या पेजेसाठी आहे. शालूचं आमचं भांडण शिल्लक आहे.

३. बाबांची भजनाची पेटी निलेशला. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी ती विकली नव्हती, त्यानेही विकू नये. "हिच्या डोक्याचा भरवसा नाही, घर माझ्या नावावर करून घेऊ," असं तो मी दवाखान्यात असताना वकिलाला म्हणाला होता. हे घर मी माझ्या कमाईवर घेतलं आहे. त्यावर त्याचा हक्क नाही. पेटी मात्र त्याने वाजवावी. त्याचा हात चांगला आहे.

४. माझ्या पश्चात कोणीही "बिचारी" म्हणू नये. ही सूचना आहे, विनंती नाही.

५. आता घर. माझी वझिरा नाक्यावरची राहती जागा, आतल्या उरलेल्या सामानासह, आणि बँकेतली ठेव माझी भाची श्रुतिका हिला द्यावी. ती निलेश-मालनची मुलगी, पण लहानपणापासून माझ्या मशीनखाली चिंध्यांत खेळलेली. तीन वर्षांपूर्वी तिलाही हाच आजार असल्याचं निदान झालं. घरात रडारड झाली. ती मुलुंडला नोकरी करते. गोळ्यांनी तिला ऑफिसात डुलक्या यायच्या, साहेब बोलायचा, म्हणून तिने त्या सोडल्या, मग आजारी पडली, मग पुन्हा सुरू केल्या. मी हा रस्ता चाललेली असल्यामुळे मला तिची काळजी वाटायची.

म्हणून या मृत्युपत्राचा पहिला मसुदा केला तेव्हा मी अट घातली होती: श्रुतिकाने औषधं नियमित घेतल्याचा डॉक्टरांचा दाखला दर वर्षी दिला, तरच घर तिचं. वकिलांना अट आवडली. मलाही मी फार शहाणी वाटले. श्रुतिकाला वाचायला दिलं. तिने ते शांतपणे वाचलं.

"आत्या, तुझ्यावर कोणी अशी अट घातली असती तर तू काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "घेतल्या असत्या गोळ्या."

"खोटं. तू गोळ्या बेसिनमध्ये टाकून, घेतल्या म्हणून सांगितलं असतंस."

ते खरं होतं, मी नेमकं तेच केलं असतं. मला गोळ्या घ्यायला लावल्या त्या कुठल्या धाकाने नाही. दवाखान्यातून सुटल्यावर डॉ. रेवतींनी विचारलं होतं, "गोळ्या का सोडल्यात?" मी हात पुढे केले आणि सांगितलं, "यांनी सुई धरता येत नाही." त्या म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलंत? यावर इलाज आहे." रक्त तपासून त्यांनी डोस बदलला, थरथरीवर वेगळी लहान गोळी दिली. हात अगदी पूर्वीसारखे नाहीत, पण काजं करता येतात. तोवर मला वाटायचं, एक तर डोकं ठेवा नाही तर हात. तसं नव्हतं. बोलायला हवं होतं, इतकंच.

मी श्रुतिकाला विचारलं, "मग गोळ्यांचं काय करणार तू?"

"घेईन. आणि ज्या दिवशी घ्याव्याशा वाटणार नाहीत, त्या दिवशी तुला खरं सांगेन. चालेल?"

"चालेल."

दुसऱ्या आठवड्यात ती आपणहून डॉ. रेवतींकडे गेली आणि डुलक्यांचं सांगितलं. मोठी गोळी आता ती रात्री घेते. साहेबाची कटकट चालूच आहे, पण डुलक्या थांबल्या. मध्ये एकदा सकाळी तिचा फोन आला, "आत्या, आज नको वाटतंय. पूर्ण वैताग आलाय." मी उपदेश केला नाही. म्हटलं, "मलाही आलाय. ये इकडे, घावणे घालते." ती आली, दोघींनी खाल्लं, मला अंगणवाडीच्या नाटकासाठी चार टोप्या शिवायच्या होत्या, त्यांना तिने बटणं लावली. जाताना स्वतःच पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि गोळी घेतली.

सबब वरील घर आणि ठेव श्रुतिकाला कोणत्याही अटीविना द्यावी. तिने त्या घरात राहावं, भाड्याने द्यावं किंवा विकून गोव्याला जावं, तिची मर्जी.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निहार परुळेकर यांनी करावी. त्यांना घाई नसावी. पुढच्या महिन्यात मृणालिनीबरोबर मला मढला एका लग्नाच्या सीनसाठी नऊवाऱ्यांचं काम आहे, आणि त्यानंतरही बरीच कामं घ्यायचा माझा विचार आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो पूर्ण समजला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी खाली सही केली आहे.

सही: रत्नप्रभा दत्ताराम घाडीगावकर

साक्षीदार:
१. डॉ. रेवती सामंत, बोरिवली पश्चिम
२. चैतन्य मार्तंड केळुसकर, शेजारी, वझिरा नाका

ठिकाण: बोरिवली, मुंबई
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५