रोहासला जायची जय्यत तयारी

१२ फेब्रुवारी, दुपार
आजपासून रोजनिशी. शाळा होती तोवर माझे विचार फळ्यावर तरी उमटायचे. हल्ली घरात बोलतो ते पंख्याच्या वाऱ्यावर जातं.

आमच्या आर्विनने जेवता जेवता सांगून टाकलं, लग्न करायचंय, जिनालिनशी. नदीकाठच्या दवाखान्यात नर्स आहे ती. माझा रक्तदाब तीच मोजते. पोरगी गुणाची, हात हलका. मी मोठ्या मनाने म्हटलं, आपली काही हरकत नाही. ती शेजारीच जेवत होती, तिला सहज विचारलं, पोरी, गाव कुठलं गं तुझं? म्हणाली, रोहास. कापिझ प्रांतातलं.

माशाचा काटा घशात गेला. पेर्पेतुआने पाठीत असे गुद्दे घातले की लग्नापासूनचा सगळा हिशोब चुकता केला.

१३ फेब्रुवारी
एक गोष्ट स्पष्ट नोंदवून ठेवतो. मी, एलेउतेरियो माकास्पाक, जन्मभर विज्ञान शिकवलं. आस्वांग नावाची हडळ कमरेपासून तुटून उडते, माणसांची काळजं खाते आणि तिची सगळी जात कापिझमध्येच राहते, ही अडाण्यांची बडबड. मनिलातला प्रत्येक रिक्षावाला तेच सांगतो म्हणून काही ते खरं होत नाही.

मला त्या प्रांताची फक्त किळस आहे. दमट हवा, चिखल, डास, जिकडेतिकडे खेकडे. किळस वेगळी, भीती वेगळी.

१५ फेब्रुवारी
व्याह्यांचा फोन आला. दियोनिसिओ पाल्मारेस. मासे-खेकड्यांची तळी आहेत म्हणे. आवाजालाही चिखलाचा वास. मी म्हटलं, आपण फोनवरच सगळं ठरवून टाकू. तर म्हणतो कसा, साहेब, फोनवर खेकड्यांचा सौदा होतो, लेकीचा नाही. मुलाच्या बापाने आमच्या घरी यावं, आमच्या टेबलाशी बसावं, स्वतःच्या तोंडाने पोरगी मागावी. बाप आला नाही तर पुढचं बोलणंच नाही.

हा रिवाज ज्याने काढला त्याला मुलगे नसावेत. पेर्पेतुआला तसं बोललो. ती म्हणाली, माझ्या बापापुढे तुम्ही हात जोडून बसला होतात तेव्हा गोड लागला का रिवाज?

ठरलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जायचं. उद्या तिकिटं.

१६ फेब्रुवारी
तिकिटं काढली नाहीत. घाईत काढलेली तिकिटं महाग पडतात.

३ मार्च
या आठवड्यात जाणं अशक्य. तिकडे उन्हाळा सुरू झालाय. इथे मारिकिनातही झालाय, पण इथलं उकडणं शहराचं. अंगावर बसत नाही.

६ मार्च
क्रिस्पुलो जेवायला आला. पेर्पेतुआचा थोरला भाऊ. बसमध्ये कंडक्टर होता. बोलतो ते अजून मागच्या सीटला ऐकू जाईल असं, आणि खातो तेही. म्हणाला, काय दाजी, कापिझला जाताय म्हणे? लसूण घ्या हो बरोबर, नाहीतर काळीज तिकडेच राहील! स्वतःच्या विनोदावर एवढा हसला की त्याच्या तोंडातला भात माझ्या ताटात आला. शी! शी! मी जेवण सोडून उठलो. पेर्पेतुआ म्हणाली, मग ते मासे मला द्या.

या माणसाला रोहासला अजिबात न्यायचं नाही. व्याह्यांपुढे आपली काय इज्जत राहील?

११ मार्च
किआपोला गेलो होतो. निव्वळ पायी फिरायला. चर्चबाहेर जडीबुटीवाल्या बायका बसतात, त्यांतल्या एकीकडून पाकट माशाची वाळवलेली शेपूट घेतली. चाबकासारखी आहे. हडळीला या शेपटीचा फटका बसला की ती मरते, असं लोक मानतात. मी घेतली ती कुत्र्यांसाठी. प्रांतात मोकाट कुत्री फार.

बाई म्हणाली, कापिझला चाललात का काका? मी म्हटलं, छे, शाळेत दाखवायला हवी आहे. ती म्हणाली, हो हो, सगळे शाळेतच दाखवतात. आणि लसणाची माळ नि मंतरलेल्या मिठाची पुडी वरून दिली. फुकटची वस्तू नाकारू नये.

१४ मार्च
शेपटीला भयंकर वास मारतो. पेर्पेतुआ दोन दिवस मेलेला उंदीर शोधतेय. मीही तिच्याबरोबर पलंगाखाली शोधला. शेवटी तिचा डोळा चुकवून शेपूट, लसूण, मीठ सगळं कपाटातल्या चपलांच्या खोक्यात कोंबलं. व्याह्यांकडच्या बायकांसाठी मारिकिनाच्या चपला घेऊन ठेवल्यात, त्यांतलंच एक रिकामं खोकं. तिथे कोणी बघणार नाही. डोकं चालवायला लागतं.

२५ मार्च
आर्विन विचारतो, बाबा, नक्की कधी जायचं? मी म्हटलं, अरे, योजना चालू आहे. तो म्हणाला, योजनेला दीड महिना झाला, रोहास तासाभरावर आहे विमानाने. तरुण पिढीला तयारीचं महत्त्व कळत नाही.

जिनालिन म्हणाली, ईस्टरच्या आधी, पवित्र आठवड्यात मी घरी चाललेय, सगळेच चला ना काका. पवित्र आठवड्यात! शुक्रवारी देव मेलेला असतो, तेव्हा काय काय मोकळं सुटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अर्थात मी गर्दीचं कारण दिलं. गर्दी असतेच.

४ एप्रिल
जिनालिन एकटीच गेली. पुढच्या महिन्यात आपण सगळे जाऊ, असा तिला शब्द दिलाय. माझा शब्द म्हणजे शब्द.

५ एप्रिल, सकाळ
कपाट रिकामं आहे.

५ एप्रिल, दहा मिनिटांनी
पेर्पेतुआ म्हणाली, खोकी ना? जिनालिनबरोबर पाठवली की. तुम्ही काही जायचे नाहीत, चपला तरी जाऊ देत. आणि हो, एक खोकं उघडं होतं, त्याला चांगली रिबीन बांधली.

मी रिकाम्या कपाटात पुन्हा हात घालून पाहिला.

५ एप्रिल, दुपार
जिनालिनला फोन करणार होतो. पण फोनवर काय सांगायचं? पोरी, ते खोकं फेकून दे? ती कारण विचारेल. शिवाय पोरी माहेरी गेल्या की गप्पांत रमतात, सामान उघडतच नाहीत. उगीच काळजी करतोय.

१० एप्रिल
उघडलं. ईस्टरच्या जेवणानंतर, सगळं खानदान जमवून. दियोनिसिओच्या म्हाताऱ्या आत्याने पहिलं खोकं उचललं, त्यालाच रिबीन होती ना.

कापिझच्या माणसाला आईवरून शिवी द्या, तो कदाचित हसून सोडेल. पण पाकटाची शेपूट, लसूण आणि मीठ हे त्याच्या घरात भेट म्हणून पाठवायचं म्हणजे तोंडावर सांगायचं, तुमच्या घरच्या बायका हडळी आहेत. आत्या उठली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. जिनालिनला रडू आवरेना.

आर्विनने हे मला उभ्या उभ्या सांगितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. मी म्हटलं, प्रांतातल्या लोकांना विनोदबुद्धी नसते. तो बाहेर निघून गेला.

१२ एप्रिल
व्याह्यांचा निरोप: मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बापाने स्वतः यावं. नाहीतर मुलगी परत पाठवत नाही, आणि लग्न विसरा.

आर्विन दोन दिवस जेवला नाही. पेर्पेतुआ माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. म्हणे, बाई गं कढई, माणसाला शिक्षण किती आणि अक्कल किती!

संकल्प: जायचं. या वेळी खरंच. एका भाषणात सगळं सारवून टाकीन. एवढ्या वर्षांत वर्गात कोणाला तोंड उघडू दिलं नाही, हे तर खेकडेवाले.

२० एप्रिल
भाषण लिहिलं. सुरुवात शेपटीतल्या कॅल्शियमपासून. पेर्पेतुआला वाचून दाखवलं. तिने मौन सोडलं. म्हणाली, अहो, चुकलो म्हणा आणि गप्प बसा, कॅल्शियम कशाला? बायकांना मांडणी कळत नाही.

२८ एप्रिल
तिकिटं आर्विननेच काढली. क्रिस्पुलोचंही काढलंय! म्हणे अख्खं भाजलेलं डुक्कर न्यायचं, ते उचलणार कोण? हमाल म्हणून येऊ दे. तोंड उघडायचं नाही, या अटीवर.

दाढ दुखतेय. दाढ दुखत असताना विमानात बसलं तर मेंदूला धोका असतो, असं कुठेतरी वाचलंय. आर्विनला सांगितलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. दाढ थांबली.

५ मे
काय घडलं ते शास्त्रीय पद्धतीने लिहितो.

विमानतळावर वेळेत पोहोचलो. पांढरा बारोंग, म्हणजे आमचा समारंभाचा सदरा घातला होता, खिशात भाषण. क्रिस्पुलोच्या खांद्यावर डुक्कर, येणारेजाणारे वास घेत होते. विमानात बसायची घोषणा झाली आणि माझ्या पोटात मुरडा आला. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आलोच. शौचालयात गेलो. शी, काय ती जागा! ओली जमीन, कागद नाही, शेजारी कोणीतरी गाणं म्हणतंय. तरी मी तिथे बसलो. बाहेर माझ्या नावाचा पुकारा झाला. परत झाला. आणखी एकदा झाला, त्या वेळी आवाज आर्विनचा होता. दारावर त्याने थापाही मारल्या. बाबा, चला ना, बाबा.

कडी अडकली होती, असं घरी सांगायचं ठरवलंय.

विमान गेलं. बसने घरी आलो. कपाळाला घाम होता पण अंग गार. भीती नव्हती. आता तरी खरं लिहावं का? नको. पोट बिघडलं होतं.

७ मे
फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत. घरात तळलेल्या मासळीची शिळी तुकडी आहे, तीच खातोय. लग्न मोडलं असणार. माझ्यामुळे मोडलं, असं ते म्हणतील. नाहीतर कोणामुळे? आज दिवसभर स्वतःचीच किळस येतेय. हे वाक्य नंतर खोडायचं.

८ मे
परत आले. हसत आले! टोपलीभर खेकडे, शिंपले, आणि जिनालिन बरोबर. लग्न ठरलं. जूनमध्ये, रोहासच्या चर्चमध्ये.

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग विचारलं, पण बापाशिवाय कसं काय ठरलं?

मग क्रिस्पुलोने सांगितलं, आणि शेजारच्या गल्लीनेही ऐकलं. दियोनिसिओ दारातच उभा होता, मागे सगळे भाऊबंद, आत्या खुर्चीत. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न, बाप कुठाय? पेर्पेतुआ आर्विनकडे बघायला लागली. तेव्हा हा गडी डुक्कर खांद्यावर घेऊन पुढे झाला आणि म्हणाला, हा काय, तुमच्यापुढे उभा आहे!

आणि ते खोकं? आत्याने विचारलं. हा म्हणाला, आत्याबाई, त्याचं काय सांगू! तो माझा मेव्हणा, क्रिस्पुलो. विज्ञानाचा मास्तर. पालीला पाहून टेबलावर चढतो. त्यानेच कोंबलं. म्हणून तर त्याला घरी बांधून आलोय. आत्या हसली म्हणे. हसता हसता तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग सगळे हसले. नंतर याने सरळ दियोनिसिओचे हात धरले आणि म्हणाला, आमचं पोरगं तुमच्या पोरीवाचून जेवत नाही हो, द्या. एवढंच. दियोनिसिओ रडला. संध्याकाळी दोघांनी माइक घेऊन गाणी म्हटली.

जिनालिनने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. म्हणाली, काका, काकूंना नि आर्विनला मीच खुणेने गप्प केलं. दुसरा इलाज नव्हता.

मी आर्विनला विचारलं, तू काहीच बोलला नाहीस? तो म्हणाला, बोललो ना. त्यांनी विचारलं, हेच का तुझे वडील? मी हो म्हटलं.

मग तो हात धुवायला गेला.

९ मे
ठरवलं. जूनमध्ये मी स्वतः रोहासला जाणार, विमानात सर्वांत आधी बसणार, आणि चर्चच्या पायरीवर उभं राहून खरं काय ते सांगणार. पेर्पेतुआला तसं बजावलं. ती खेकडा फोडत होती. म्हणाली, खरं सांगाल तर लग्न मोडेल, आणि मी तिथेच राहीन. यायचं असेल तर मामा म्हणून या. व्याही सारखे विचारतात, त्या भित्र्या मामाला घेऊन या हो, आम्हाला बघायचाय.

पत्रिकेवर वडील म्हणून माझंच नाव छापणार आहेत. त्या नावाला ओ क्रिस्पुलो देईल. मुलाला वेदीपर्यंतही तोच नेईल. मला तिसऱ्या रांगेत जागा आहे, चांगली आहे म्हणे, पंख्याखाली.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

संध्याकाळी आर्विनने दारातून हाक मारली, मामा. सराव म्हणून.

मी ओ दिली.