बाहेरून कुलूप

चांदा, २० जून १९५४. संध्याकाळी ६.

आज घरमालक मन्सूरभाई ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला, माझी बायको मनकर्णा हिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाला, घर खाली करून पाहिजे. जावयाला बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये नोकरी लागली आहे. तो आणि मुलगी आबिदा इथे राहणार. रीतसर नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने येईल, राग मानू नका. मी नुसता हसलो. या घरात बावीस वर्षे काढली. जंगल खात्यात तीस वर्षे आवक-जावक सांभाळून पेन्शनीत निघालो. मला नोटिशीची भीती?

२१ जून. पहाटे ५.

योजना सुचली. आवक रजिस्टरात ज्याची नोंद नाही तो कागद जन्मलाच नाही. वरच्या ऑफिसचे कितीतरी लिफाफे मी असेच परत धाडले. तेव्हा नोटीस हातात घ्यायचीच नाही. आणि चार महिने जो कागद हलला नाही तो आमच्याकडे दप्तरदाखल होत असे. म्हणजे चार महिने काढायचे. बस्स.

मनकर्णा म्हणते, गुणवंतराव वकिलाला विचारा. विचारणार नाही. गुणवंतरावापेक्षा आमच्या खात्यातल्या लाकडे ओढणाऱ्या हत्तीला कायदा जास्त कळत असे.

२७ जून.

बंदोबस्त पूर्ण. मनकर्णा नागभीडला भावाकडे जाणार, जाताना बाहेरून कुलूप लावणार. मी आत. मागचे दार परसातल्या बाडीत उघडते, विहीर बाडीतच. भांडी घासणारी सोमारी मागच्या बाजूने भाकरी आणून देईल. तिला तिच्या देवाची शपथ घातली. कोणीही विचारो, ‘बाबूजी घरी नाई’ एवढेच सांगायचे.

भाडे थकता कामा नये, एवढा कायदा मलाही कळतो. ते मनकर्णा दरमहा नागभीडहून मनिऑर्डरने पाठवील. चारही फॉर्म आजच भरून दिले. कूपनावर माझ्या वळणदार अक्षरात मजकूर: ‘आम्ही उभयता येथे आहोत. येथील हवा मानवते. परत येण्याचे नक्की नाही.’ बसू दे शोधत.

२८ जून. सकाळी ९.

मनकर्णा गेली. जाताना म्हणाली, “अवो, घ्याना तो कागद. वाचून तं पाहा. कागद काई चावत नाई.” बाईमाणसाला प्रोसिजर समजत नाही. बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज बावीस वर्षांत प्रथमच आतून ऐकला. बरा वाटला नाही.

२ जुलै. ११ वाजता.

मुखरू पोस्टमनने तीनदा कडी वाजवली. मी खबरदारी म्हणून खाटेखाली. शिंक आली, उपरण्यात दाबली. शेजाऱ्यांनीच त्याला सांगितले की घर बंद आहे. लिफाफा परत गेला. विजय.

१९ जुलै.

पुढच्या खोलीत तीन ठिकाणी गळते. दोन कवेलू सरकवले की काम झाले, पण छपरावर चढलो तर गाव बघेल. पातेली मांडून बसलो आहे.

आजपासून रोज बारा सूर्यनमस्कार आणि ‘आवक-जावक शास्त्र’ हा ग्रंथ लिहायला घेणे. वेळ भरपूर आहे.

२२ ऑगस्ट.

दिवसा चूल पेटवता येत नाही, धूर दिसतो. खोकता येत नाही. खिडकी उघडता येत नाही. पेन्शन ट्रेझरीत पडून आहे, पडू दे. सूर्यनमस्कार तूर्त तहकूब, जमीन ओली आहे. ग्रंथाचे नाव लिहून झाले.

दुपारी मन्सूरभाई ओट्यावर येऊन बसला. शेजाऱ्याला विचारत होता, बाबूजी न सांगता कसे गेले, तब्येत तर बरी आहे ना. मी दाराच्या अलीकडे, त्याच्यापासून दोन हात अंतरावर उभा. चहा घेता का, असे तोंडापर्यंत आले होते. गिळले. दोन महिन्यांत सोमारीखेरीज कोणाशी बोललो नाही. मनकर्णाची फार आठवण येते. पण आता माघार घेतली तर हे दोन महिने वाया जातील.

२६ ऑक्टोबर. दिवाळी.

सगळ्या आळीत पणत्या. आमच्या दारात अंधार. मी एक पणती मोरीत लावली, वर टोपली घातली. रडू आले. आणखी दोनच दिवस.

२९ ऑक्टोबर.

चार महिने पूर्ण. नोटीस कायदेशीर मेली. नुसते शिक्कामोर्तब करून घ्यावे म्हणून बाडीच्या कुंपणातून निघून गुणवंतराव वकिलाकडे गेलो. सगळी योजना सांगितली.

ते म्हणाले, रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी काढल्याशिवाय घरमालकाला भाडेकरूला नोटीसच देता येत नाही. मन्सूरभाईने ती काढलीच नव्हती. त्या कागदाला काडीची किंमत नव्हती. घ्यायचा, माझ्याकडे आणायचा आणि ओट्यावर बसून सुपारी कातरायची.

मी म्हणालो, म्हणजे जिंकलोच की.

ते म्हणाले, नाही. मन्सूरभाईने कालच परवानगीचा अर्ज टाकला आहे. भाडेकरू चार महिने गाव सोडून गेला आणि त्याला घराची गरज उरली नाही, तर परवानगी मिळते.

मी म्हणालो, पण मी तर आतच होतो. ते म्हणाले, “बाबूजी, पाह्यलं कोनं?”

३० ऑक्टोबर.

ही रोजनिशी पुरावा म्हणून द्यावी काय? वकील आधी वाचणार. २१ जूनची नोंद पाहिली, हत्तीची. देऊ नये.

सोमारी आहे! तिने रोज पाहिले. केस भक्कम.

१५ नोव्हेंबर. रात्री.

आज रेंट कंट्रोलरसाहेबांपुढे अर्जाची पेशी झाली. साहेबांनी मन्सूरभाईने दिलेली मनिऑर्डरची चारही कूपने टेबलावर ओळीने मांडली. अक्षर कोणाचे, विचारले. माझे. छान आहे म्हणाले.

मग सोमारीला पुढे बोलावले. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा. जूनपासून बाबूजी कुठे होते? तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ठणकावून म्हणाली, “बाबूजी घरी नाई.” साहेबांनी तीनदा विचारले, तिने तीनदा तेच सांगितले. मी खुणा केल्या, तिने मान हलवून मलाच धीर दिला. बाहेर आल्यावर शाबासकीसाठी थांबली होती. दिली.

मन्सूरभाईला परवानगी मिळाली. आता तो देईल ती नोटीस पक्की. तो जवळ आला. म्हणाला, “बाबूजी, तुमी आतच होते तं एक डाव आवाज द्याचा होता. बोलून पाह्यलं असतं आपन.”

नागभीड, २० डिसेंबर.

परवा घर सोडले. कुलूप मनकर्णानेच लावले, बाहेरून. मी बाहेर होतो. तिने चावी मन्सूरभाईच्या हातात दिली आणि आबिदाला मोरीचे पाणी कुठे तुंबते ते दाखवले.

मेव्हण्याच्या पडवीत खाट टाकली आहे. किती दिवस राहणार, असे त्याने आज अगदी प्रेमाने विचारले.

नागभीड, ११ जानेवारी १९५५. दुपारी.

पोस्टमनने कार्ड आणले. पडवीतून उठून दोन्ही हातांनी घेतले. मन्सूरभाईचे. तब्येत कशी आहे, कधी चांद्याकडे येणे आहे?

उत्तर लिहायला बसलो. तासभर दुसरे काही सुचेना. शेवटी लिहिले: आम्ही उभयता येथे आहोत. येथील हवा मानवते. परत येण्याचे नक्की नाही.