मासा वॉटरप्रूफ नसतो

२ जानेवारी, सकाळी १०
संकल्प कालच लिहायचे होते, पण पेन सापडलं नाही. म्हणून आज. या वर्षी 'शेखर टेक वर्ल्ड'चे दहा हजार सबस्क्रायबर करायचे. सध्या २१२. आठवड्याला तीन व्हिडिओ. व्हिडिओत शुद्ध बोलायचं, 'ण' ला 'न' म्हणायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक असताना शूटिंग नाही. दुकान म्हणजे लोणार बस स्टँडसमोरचं माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. तात्पुरतं आहे. सात वर्षं झाली.

५ जानेवारी
'पंचवीस हजारांच्या आतले पाच बेस्ट फोन' अपलोड केला. अठरा मिनिटं. पाचपैकी एकही फोन मी हातात घेतलेला नाही, आणि तेच बरं आहे. हातात घेतला की माणूस त्या फोनच्या बाजूने बोलायला लागतो. लांबून मत स्वच्छ राहतं.

७ जानेवारी
व्ह्यू ४१. लोक सरासरी बावीस सेकंद पाहतात. रील्सने देशाचं डोकं फिरवलंय. यावर वेगळा व्हिडिओ करणार. वीस मिनिटांचा.
पण एक माणूस शेवटपर्यंत पाहतो. नेहमीचाच. नाव नाही, नुसतं युजर आणि पुढे आकडे. त्याची कमेंट पहाटे साडेचारला येते. त्या वेळी आपल्याकडे कोण जागं असतं? मी हिशोब केला. कॅलिफोर्नियात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. म्हणजे माणूस सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि जेवण झाल्यावर मला पाहतो. मी त्याला कॅलिफोर्निया म्हणतो. आजची कमेंट: "आवाज साफ आहे. जरासं हळू बोला. आपल्या बोलीत बोलले तरी चालते." मूळचा वऱ्हाडचा असणार. तिकडे गेल्यावर मातीची ओढ वाढते म्हणतात.

८ जानेवारी
झोप होत नाही. बाबा पहाटे चारपासून ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसतात आणि मोबाईलवर काहीतरी लावून ठेवतात. कीर्तन असणार. आज अर्धवट झोपेत मला कुणीतरी प्रोसेसरबद्दल बोलतंय असा भास झाला. कामाचा ताण.

११ जानेवारी
मेहकरचे पाहुणे येऊन गेले. मुलीच्या मामाने विचारलं, मुलगा करते काय? बाबा म्हणाले, झेरॉक्सचं दुकान हाय, तीन एकर भाजीपाला हाय. बस. चॅनेलचा उल्लेख नाही. मी दोनदा खाकरलो. बाबांनी आईला सांगितलं, शेखरले पाणी दे.
उकंडराव भाजीवाल्यांना मुलाच्या चॅनेलची लाज वाटते. ठीक आहे. कॅलिफोर्नियाला वाटत नाही.

१४ जानेवारी
कॅलिफोर्नियाचा प्रश्न: "बोटाले चिरा पडल्या असल्या तर फोन बोटाचा ठसा घेते काय?" किती खोलात जाणारा माणूस. सेन्सरच्या मर्यादेवरचं संशोधन चाललं असणार. मी सविस्तर उत्तर दिलं, चार परिच्छेद. त्यात नक्की उत्तर नव्हतं, पण दिशा होती.
संध्याकाळी बाबा बोटांना मेण लावत बसले होते. थंडीत त्यांची बोटं फुटतात. रेशन दुकानातल्या मशीनवर ठसा उमटत नाही, दोनदा परत यावं लागलं म्हणे. मी म्हटलं, त्या मशीनचा दर्जाच हलका आहे. ते मेण लावत राहिले.

१९ जानेवारी
इतिहासात नोंद व्हावी असा दिवस. कॅलिफोर्नियाची कमेंट: "तुमी सांगतला तो तिसऱ्या नंबरचा फोन घेतला. चांगला हाय." अमेरिकेतला इंजिनिअर माझ्या शब्दावर फोन घेतो. आईला सांगितलं. ती म्हणाली, दुकानाचं लाईट बिल भरलं काय?

२० जानेवारी
बाबांनी नवा फोन आणला. परवा मेहकरला बियाणं आणायला गेले होते, तेव्हाच घेतला; मला आज दिसला. विशेष म्हणजे तोच, तिसऱ्या नंबरचा. त्या दुकानदाराने त्यांना साधं पाहून गळ्यात मारला असणार. माझी मदत घेतली असती तर मीही हाच सुचवला असता, पण विचारून घ्यायला हवं होतं. सेटिंग करून देतो म्हटलं, तर म्हणाले, झालं, दुकानवाल्यानं जुन्यातलं सगळं ह्याच्यात टाकून देल्लं. जुना म्हणजे ताईने दिलेला, काच फुटलेला. तो कपाटावर ठेवलाय.

२३ जानेवारी
मोठी कल्पना. हा फोन पाण्यात अर्धा तास टिकतो असं कंपनी म्हणते. पण कोणत्या पाण्यात? नळाच्या. पुण्या-मुंबईचे रिव्ह्यूवाले बादलीत बुडवतात. आपल्याकडे उल्का पडून झालेलं सरोवर आहे, जगात नाव आहे, त्या खाऱ्या पाण्यात फोन आजवर कुणी तपासला नसेल. 'लोणार टेस्ट'ची घोषणा करणारा व्हिडिओ टाकला.

२४ जानेवारी
कॅलिफोर्नियाचा विरोध: "लोणारच्या पाण्यात टाकू नका. ज्या पाण्यात मासा जगत नाही त्यात मोबाईल काऊन जगन?" वाचून थोडा निराश झालो. एवढा शिकलेला माणूस. मी नम्रपणे लिहिलं की मासा वॉटरप्रूफ नसतो, फोन असतो.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून तळ्यावर गेलो. उतरणं सोपं होतं. काठावर जास्त वेळ थांबलो नाही, पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरलं आणि वर आलो. वर येताना चार वेळा बसलो. उद्यापासून चालायला जायचं.

२७ जानेवारी, दुपारी १
फोन माझ्याकडे नाही, ही एकच अडचण होती. बाबा बाजारात गेले आणि फोन चार्जिंगला लावून गेले. नुसता पडून होता. अर्ध्या तासासाठी घेतला. मागितला असता तर त्यांनी दिलाच असता, त्यामुळे मागण्यात वेळ घालवला नाही. आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी भरलं, फोन बुडवला, अर्धा तास शूट केलं. बाहेर काढला. चालू होता. 'टेस्ट पास' असं कॅमेऱ्यात बोललो. विश्वास दाखवायला तसाच ओला चार्जिंगला लावला.

दुपारी १.४०
स्क्रीनवर हिरव्या रेघा. हा डिस्प्लेचा एक मोड असू शकतो.

दुपारी २
बंद.

२७ जानेवारी, संध्याकाळी
फोन तांदळाच्या डब्यात पुरला. बाबा बाजारातून आल्या आल्या फोन शोधायला लागले. मी सांगितलं की कंपनीचा मोठा अपडेट आलाय, दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. बाबा तांदळाच्या डब्याकडे बघत होते. मग म्हणाले, हाव. कपाटातून साध्या बटणांचा फोन काढला आणि बॅटरी घालत बसले. फुटक्या बोटांनी मागचं झाकण लवकर उघडत नव्हतं. मला मदत करता आली असती. मी आत गेलो.

२९ जानेवारी
बराच विचार केला. व्हिडिओत फोन चालू आहे. व्हिडिओ खरा आहे. पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे. 'लोणार टेस्ट: पास!' अपलोड केला.

३१ जानेवारी
व्ह्यू २,३४०. एवढे व्ह्यू कधीच आले नव्हते. सबस्क्रायबर २८८. कॅलिफोर्नियाची कमेंट मात्र नाही. पास झाल्याचं त्याच्या जिव्हारी लागलं असावं.
आईने खिचडी केली. पहिल्या घासाला सगळे थांबले. तळ्याच्या पाण्याचा वास. कुजक्या अंड्यासारखा असतो तो. आई म्हणाली, तांदूळ त रेशनचाच हाय, यंदा काऊन असा? बाबा म्हणाले, खा गुपचूप. त्यांनी ताट पूर्ण संपवलं. मला गेलं नाही.

३ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, झालं काय बे अपडेट? मी म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. रोज एकदाच विचारतात, जेवण झाल्यावर, आवाज न चढवता. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं.
पहाटे ओट्यावरचा आवाज बंद आहे. झोप पूर्ण व्हायला हवी. चारला जाग येते.

५ फेब्रुवारी
कॅलिफोर्नियाची अजून कमेंट नाही. 'कॅलिफोर्नियातल्या एका खास मित्रासाठी' असा व्हिडिओ केला. रागावू नका म्हटलं. व्ह्यू ९. शेवटपर्यंत पाहणारं कुणी नाही. तिकडे नोकऱ्या जातायत असं ऐकतो. काळजी वाटते.

६ फेब्रुवारी
समोरचे चहावाले नारायणराव दुकानात आले. म्हणाले, शेखर, तुह्यी लोणार टेस्ट पाह्यली, थोच फोन घेऊन राह्यलो. माह्या हाती दिवसभर पाणी, चहा, दूध. चालन ना रे? मी हाव म्हटलं. ते झेरॉक्सचे पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. त्याने काही बरं वाटलं नाही.
लाज वाटते. इथे लिहून ठेवतो, म्हणजे कमी होईल.

७ फेब्रुवारी
कमी झाली नाही.

९ फेब्रुवारी, रात्री ८
बाबांचा फोन घेऊन मेहकरला गेलो. घरी सांगितलं, अपडेटसाठी नेतो. रामभाऊ रिपेअरवाल्याने फोन उघडला, नाकाशी नेला आणि म्हणाला, लोणारचे काय तुमी? बोर्ड गेला, फार तर आतलं काढून देतो. दुसरी स्क्रीन जोडून त्याने फोन कसाबसा जिवंत केला. लॉक नव्हतं. व्हिडिओचं ॲप उघडलं, बाबांनी जिथे थांबवलं होतं तिथेच.
माझा चेहरा. अठरा मिनिटांच्या व्हिडिओत, बाराव्या मिनिटाला थांबलेला, तोंड उघडं.
रामभाऊने खाली सरकवून पाहिलं. सगळा मीच. एकेक व्हिडिओ दोनदा पाहिलेला, काही तीनदा. वर कोपऱ्यात खात्याचं नाव: युजर आणि पुढे आकडे. ते आकडे मला पाठ आहेत. रामभाऊ म्हणाला, तुमचे बाबा त तुमचे लय मोठे फॅन दिसून राह्यले. मी म्हटलं, हाव.
माझ्या फोनमधून माझं सगळं काढायला सांगितलं आणि बाबांचं सगळं त्यात चढवायला सांगितलं. माझा फोन चांगला आहे. आठ महिने ईएमआय भरलाय. तासभर बाकावर बसलो होतो. वेळ घालवायला हातात फोन नव्हता, त्यामुळे विचार करावा लागला. बाबांना माझ्या चॅनेलची लाज वाटते असं मी समजत होतो. लाज वाटावी असं मी नंतर केलं.

१० फेब्रुवारी
जेवणानंतर बाबांनी विचारायच्या आधीच सांगितलं. फोन मीच बुडवला, न विचारता, आणि अपडेट वगैरे काही नव्हतं. माझा फोन त्यांच्यापुढे ठेवला. हा तुमचा, म्हटलं. पाठ करून ठेवलेलं बरंच बोलायचं होतं, ते आठवलं नाही.
बाबा म्हणाले, मले त्याच दिवशी समजलं होतं. तांदळाच्या डब्याले तलावाचा वास येऊन राह्यला होता. मग म्हणाले, इचारलं असतं त मी देल्ला असता बे. मी न मागता घेतानाही हाच विचार केला होता. त्यांच्या तोंडून तो वेगळा लागला.
ते खातं त्यांचं आहे हे मला कळलंय, हे मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. मी त्यांचा ठसा फोनमध्ये भरून दिला. त्यांनी अंगठा लावून पाहिला. तीनदा नाही घेतला, चौथ्यांदा उघडला.

१२ फेब्रुवारी, पहाटे ४.५०
मी आता ताईचा फुटक्या काचेचा फोन वापरतो. त्यावर नोटिफिकेशन. 'लोणार टेस्ट: पास!' खाली कॅलिफोर्नियाची कमेंट: "फोन नंतर बंद पडला हे पण सांगा. नारायणराव थोच फोन घेऊन राह्यला. लोकं भरवसा ठेवते."
कॅलिफोर्निया दाराच्या पलीकडे, दहा पावलांवर खोकत होता. मी अंथरुणात पडून राहिलो. उत्तर लिहायला घेतलं, चार परिच्छेद. सगळे पुसले. कमेंट सगळ्यात वर पिन केली.

१३ फेब्रुवारी
नारायणरावांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मले वाटलंच, तू उगा शुद्ध बोलून राह्यला होता. त्यांनी फोन घेतला नव्हता अजून. माझ्याकडून चहाचे पैसे मात्र घेतले.
दुपारी ताईच्या फोनवर नवा व्हिडिओ केला. चार मिनिटं. बाबांचा फोन न विचारता घेतला, बुडवला, ओलाच चार्जिंगला लावला, खोटं सांगितलं, आणि ते पाच फोन मी कधी हातातही घेतलेले नाहीत. 'ण' चा 'न' झाला की नाही ते पाहिलं नाही. 'लोणार टेस्ट: नापास' असं नाव देऊन टाकला.

१४ फेब्रुवारी, पहाटे ५
सबस्क्रायबर १९७. संकल्प केला तेव्हापेक्षा पंधरा कमी.
नव्या व्हिडिओचे व्ह्यू १. शेवटपर्यंत पाहिलेला. कमेंट नाही. मी दोनदा तपासलं.
मग उठून ओट्यावर गेलो. फोन बाबांच्या मांडीशी पालथा ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे न पाहता मेथीचा अर्धा ढीग माझ्या बाजूला सरकवला. मी वीस-पंचवीस जुड्या बांधल्या. सैल होत्या. बाबांनी एकेक उचलून सोडली आणि परत बांधली.